बर्फातलं सरकारी जंगल: स्नोमोबिल आणि स्की यांच्या हद्दी वेगळ्या असाव्यात का?

हिमपावलं
नमस्कार मंडळी. आमच्या कोलोरॅडोतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात जोरदार वाद झाला. काहींना हिवाळ्यात स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी इंजिनाची गाडी, चालवायला आवडते, बाकीचे स्की किंवा स्नोशू (बर्फात न रुतणारी रुंद पादत्राणं) घालून जंगलात शिरणारे. सरकारी जंगलात दोघांनी एकाच वाटेने जायचं की हद्दी वेगळ्या करायच्या, हा प्रश्न. तो वाद 'ज्याची त्याची आवड' म्हणून मिटवला गेला. मला ते पटलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझं मत: हद्दी वेगळ्याच हव्यात, आणि त्या पार्किंगपासूनच वेगळ्या हव्यात. नुसत्या नकाशावर रंग भरून काही होत नाही.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतली राष्ट्रीय जंगलं शेतकी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहेत, सुमारे १९ कोटी ३० लाख एकर. त्यातलं जे क्षेत्र १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली आहे तिथे इंजिनला बंदीच आहे. वाद असतो तो उरलेल्या जमिनीचा. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा आदेश काढला. माती, झाडोरा आणि वन्यप्राण्यांना होणारा त्रास, तसंच इतर लोकांशी होणारा संघर्ष कमीत कमी राहील अशाच जागा या गाड्यांसाठी ठरवा, असं त्यात सांगितलं आहे. बर्फावरच्या गाड्याही त्यात येतात. पुढे २००५ साली फॉरेस्ट सर्व्हिसने उन्हाळी गाड्यांसाठी वाटा ठरवून देणं सक्तीचं केलं आणि स्नोमोबिलला मात्र सवलत दिली. विंटर वाइल्डलँड्स अलायन्स ही संस्था कोर्टात गेली. २०१३ साली आयडाहोच्या फेडरल कोर्टाने ती सवलत रद्द ठरवली आणि २०१५ साली नवा नियम आला: जिथे पुरेसा बर्फ पडतो त्या प्रत्येक जंगलाने स्नोमोबिलसाठी कुठली जागा आणि कुठल्या वाटा खुल्या हे नकाशावर दाखवायचं. जे दाखवलं नाही ते बंद. आधी बहुतेक ठिकाणी उलट होतं, बंद लिहिलेलं नसेल तर सगळं खुलं.

नियम येऊन इतकी वर्षं झाली तरी पुष्कळ जंगलांचे हिवाळी आराखडे अजून व्हायचे आहेत. आराखडा निघाला की सामान्य माणसाला लेखी सूचना पाठवता येते. ती पाठवायची तर नेमकं काय मागायचं? तुमचे अनुभव सांगा.

मिनेसोटाकर
मी स्नोमोबिलवाला. इथे बहुधा एकटाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आमच्या राज्यात स्नोमोबिलच्या वाटांचं जाळं बावीस हजार मैलांच्या वर आहे. पोलारिस कंपनी इथल्याच रोझो गावात १९५४ साली सुरू झाली. बऱ्याचशा वाटा स्थानिक क्लब सांभाळतात आणि त्याला पैसा येतो तो आमच्या गाड्यांची नोंदणी फी आणि पेट्रोलवरचा कर यातून. पडलेली झाडं तोडणं, लाकडी पूल दुरुस्त करणं, शेतकऱ्याकडे जाऊन त्याच्या शेतातून वाट काढायची परवानगी मागणं, हे सगळं क्लबची माणसं बिनपगारी करतात. पुष्कळ उत्तरेकडच्या गावांत जानेवारी-फेब्रुवारीत मोटेल आणि खानावळी चालतात त्या आमच्या जिवावर.

तेव्हा 'वेगळ्या हद्दी' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आमच्या बाजूला त्याचा अर्थ नेहमी 'तुम्ही बाहेर व्हा' असा निघतो. हद्द एकदा सरकली की मागे येत नाही. १९७८ च्या कायद्याने आमच्या उत्तरेकडच्या बाउंडरी वॉटर्स या वाइल्डरनेस क्षेत्रातून आम्हाला टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. ते जंगल फार सुंदर आहे आणि तिथल्या शांततेची किंमत मला कळते, पण इथली जुनी माणसं अजून त्यावर हळहळतात.

रानवारा
मिकर (मिनेसोटाकर), प्रतिसाद आवडला. पण दोघांना होणारा त्रास सारखा नाही, हे मान्य कराल की नाही? स्कीवाला समोरून आला तर तुमचा दिवस बिघडत नाही. तुमची गाडी आली तर त्याचा बिघडतो. करमणुकीवर अभ्यास करणाऱ्यांनीही हे फार पूर्वीच नोंदवलेलं आहे: हा संघर्ष एकतर्फी असतो. म्हणूनच दोन्ही बाजूंना विचारलं तर एक म्हणते 'काही अडचणच नाही' आणि दुसरी निमूटपणे ती जागा सोडून जाते. मग पार्किंगमध्ये मोजणी केली की तिथे स्कीवाले येतच नाहीत असं दिसतं.

डोंगरवेडा
रानवारा, शेवटच्या वाक्याला हजार मोदक.

माझा अनुभव बॅककंट्री स्कीचा, म्हणजे लिफ्टशिवाय रानातला. स्कीखाली न घसरणाऱ्या पट्ट्या (स्किन) लावून दोन-अडीच तास चढायचं, ते ताज्या भुसभुशीत बर्फातून, म्हणजे पावडरमधून, एकदा खाली येण्यासाठी. तोच उतार स्नोमोबिल पाच मिनिटांत नांगरून टाकते, आणि एकदा चिरडून गोठला की पुढचा बर्फ पडेपर्यंत तो गेला. जुन्या गाड्यांना हे जमायचं नाही, त्या खोल बर्फात रुतायच्या. नव्वदच्या दशकात लांब पट्ट्याच्या डोंगरी गाड्या आल्या आणि जिथे फक्त पायाने पोचता यायचं तिथे त्या सहज जाऊ लागल्या. जुने आराखडे त्याआधीचे. खडा चढ हीच हद्द होती, कुणाला रेघ मारायची गरजच पडली नव्हती.

दुसरं म्हणजे हिमस्खलन. मी उताराच्या पायथ्याशी आहे आणि वरून कुणीतरी गाडी जास्तीत जास्त उंच चढवायची शर्यत लावतोय, हा प्रकार जीवघेणा आहे. अर्थात माझ्या डोक्यावर दुसरा स्कीवाला असला तरी धोका आहेच, हेही सांगतो. अमेरिकेत हिमस्खलनात दगावणाऱ्यांत हेच दोन गट सर्वांत मोठे आहेत.

चकलीचं_भाजाणी
आमच्याकडे पुण्यात सिंहगडावर पायी जाणारे आणि गाडीने जाणारे यांच्यातही हेच चालतं. फरक इतकाच की वर पोचल्यावर दोघंही पिठलं-भाकरीच्या रांगेत शेजारी शेजारी उभे असतात आणि सगळं भांडण विसरतात. तुमच्या बर्फात पिठल्याची सोय करा, अर्धे प्रश्न सुटतील.

हिमपावलं
@चकली, थर्मासमधून पिठलं नेऊन पाहते!

@मिकर, तुमची भीती समजते. म्हणून दोन ठिकाणांची उदाहरणं देते, दोन्ही कोलोरॅडोतली.

पहिलं रॅबिट इअर्स. स्टीमबोट स्प्रिंग्सजवळ हायवे ४० वरची खिंड, राऊट राष्ट्रीय जंगल. तिथे खिंडीची पश्चिम बाजू बिनइंजिनवाल्यांची आणि पूर्व बाजू मिश्र. स्नोमोबिलवाले आपले ट्रेलर घेऊन ड्युमाँट लेकच्या बाजूला उतरतात, स्की आणि स्नोशूवाले वॉल्टन क्रीकला. एकाच रस्त्यावर, काही मैलांच्या अंतरावर दोन वेगळी पार्किंग. कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. स्नोमोबिलवाल्यांना तिथून पुढे अफाट मुलूख मिळतो.

दुसरं व्हेल पास, व्हाइट रिव्हर राष्ट्रीय जंगल, पंचावन्न हजार एकरांच्या आसपास. हिवाळ्यात तिथे शुल्क द्यावं लागतं. काही भाग फक्त पायी आणि स्कीचा, काही इंजिनचा, आणि काही ठिकाणी ठरलेल्या वाटेने गाडीवर वर जायचं आणि मग स्कीवर खाली यायचं अशी मिश्र सोय. पण पार्किंग एकच आणि श्राइन पासचा रस्ता दोघांनाही लागतो. शनिवारी सकाळी तिथे उभं राहिलं की कळतं. सातच्या सुमाराला ट्रेलर येऊन जागा भरते, इंजिनं गरम होत असतात, लहान मुलं स्की बांधत असतात आणि सगळ्यांचा पहिला मैल एकाच पट्ट्यावरून जातो. आतमध्ये नकाशा उत्तम आखलेला असूनही तो पहिला मैल माणसांची मनं कडू करतो.

दोन्हीकडे लोक तेच. म्हणून मी पार्किंग म्हणते.

फडफड
पार्किंगला +१. ट्रकमागे ट्रेलर लावला की तीन गाड्यांची जागा जाते, आणि त्याला वळायला मोकळं मैदान लागतं. छोट्या पार्किंगमध्ये ट्रेलरवाला अडकला की सगळेच अडकतात.

आणि हिवाळ्यात पार्किंग म्हणजे कुणीतरी पहाटे प्लाऊ फिरवून बर्फ हटवलेली जागा. तो खर्च कोण करतं यावर सगळं ठरतं. कॅलिफोर्नियात स्नो-पार्क म्हणजे हिवाळी पार्किंगच्या जागा आहेत, तिथे परमिट घ्यावं लागतं आणि ऑफ-हायवे गाड्यांच्या निधीतूनही पैसा येतो. मग साहजिकच ज्यांचा पैसा त्यांच्या सोयीची जागा आधी साफ होते. स्कीवाल्यांनी फुकटात शांतता मागू नये, प्लाऊचे पैसे भरायची तयारी दाखवावी.

मिनेसोटाकर
फडफड, धन्यवाद. हे आमच्याकडच्या माणसाने म्हटलं असतं तर उद्धटपणा ठरला असता. आमच्या राज्यात स्कीवाल्यांनाही सरकारी ग्रूम केलेल्या (यंत्राने बर्फ दाबून सपाट केलेल्या) वाटांसाठी पास काढावा लागतो, तो मी आनंदाने काढतो, कारण माझी बायको स्की करते. घरात दोन्ही पक्ष आहेत. युतीचं सरकार चाललंय.

एक विनंती: ग्रूम करणारं यंत्रही डिझेलवर चालतं आणि पाय मोडला तर बचाव पथक स्नोमोबिलवरच येतं. तेव्हा इंजिन म्हणजे शत्रू असं लिहू नका.

उत्तरध्रुव
ओस्लोहून. इथे हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला आहे, म्हणून लिहितो.

नॉर्वेत कुणाच्याही रानात पायी किंवा स्कीने फिरायचा हक्क सर्वांना आहे. पण इंजिनला तो हक्क नाही. १९७७ च्या कायद्याने रानात मोटारगाडी चालवायला मुळातच मनाई आहे, काम असेल तर परवानगी: मेंढपाळ, रेनडियर पाळणारे, बचाव पथक, दुर्गम कॅबिनला सामान पोचवणारे. केवळ मजेसाठी स्नोमोबिल फिरवणं बहुतेक ठिकाणी बंदच होतं. २०१५ पासून नगरपालिकांना ठरावीक मनोरंजनाच्या वाटा आखायची मुभा मिळाली, तीही जमीनमालकाची संमती आणि आवाजाचा, निसर्गाचा विचार करून. त्यावर इथे अजून वाद चालू आहेत, उत्तरेकडच्या गावांना जास्त वाटा हव्यात.

शेजारच्या स्वीडनमध्ये १९७५ चा कायदा सैल आहे. पुरेसा बर्फ असला तर बऱ्याच ठिकाणी गाडी चालवता येते, पण लावणीच्या कोवळ्या जंगलात नाही, आणि डोंगराळ भागातल्या काही प्रदेशांत फक्त आखलेल्या वाटेवर. त्यामुळे सीमेपलीकडे जाऊन हौस भागवणारे नॉर्वेजियन पुष्कळ.

मी स्वतः मेट्रोत स्की घेऊन चढतो, फ्रोग्नरसेटेरनला उतरतो आणि नूरमार्काच्या जंगलात शिरतो. ऑफिस सुटल्यावर अंधारात दिव्यांच्या वाटेवर शेकडो माणसं असतात, पण श्वासांचा आणि स्कीचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. नव्याने आलेल्या आमच्या मराठी मित्रांना मी आधी तिथेच नेतो.

रानवारा
उत्तरध्रुव, हेवा वाटला. मूळ गृहीतक काय धरता यावर सगळं आलं. तुमच्याकडे इंजिनला कारण द्यावं लागतं, इथे शांततेला द्यावं लागतं.

आज्जी_ऑनलाईन
मी लेकीकडे रीनोला येऊन राहते. मला गुडघे नाहीत, म्हणजे आहेत पण वापरात नाहीत. नातवाने मागे बसवून स्नोमोबिलवर नेलं तेव्हा पहिल्यांदा बर्फातले पाइन एवढे जवळून पाहिले. तुमच्या सगळ्यांच्या वाटा पायवाल्यांच्या. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांनी काय खिडकीतून बघायचं? माझ्यासारख्यांचा विचार करून लिहा, एवढंच सांगणं आहे.

हिमपावलं
आज्जी, तुमचं म्हणणं सूचनेत नक्की जाईल. तुम्हाला जिथे जाता येईल अशी मोठी जागा असायलाच हवी, ती खुली राहावी म्हणूनच हद्द नीट आखायची आहे. शिवाय बसून करायची सिट-स्की असते, ती ग्रूम केलेल्या शांत वाटेवर उत्तम चालते. वाइल्डरनेस क्षेत्रातही चाकाच्या खुर्चीला कायद्याने मुभा आहे. म्हणजे अपंगांची गरज आणि इंजिनाची हौस या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात, त्या गरजेचं नाव घेऊन अख्खं खोरं खुलं मागणाऱ्यांना हे सांगायला हवं.

सह्यकडा
माथेरानचं उदाहरण कुणी कसं घेतलं नाही? दस्तुरीला गाडी ठेवायची आणि पुढे चालत, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने. हिमपावलं म्हणतात तेच सूत्र, पार्किंगला हद्द. गावात भांडणं असतील, इ-रिक्षावरून तर कोर्टापर्यंत गेली, पण दस्तुरीच्या पुढे मोटार नाही म्हणून ते माथेरान राहिलं. नाहीतर शेजारची हिल स्टेशनं मे महिन्यात बघा.

मनालीरिटर्न
आपल्या लोकांना बर्फ म्हणजे मनाली, म्हणून तिथलं सांगतो. रोहतांगला एकेकाळी स्नो-स्कूटर, घोडे, मॅगीचे गाडे, भाड्याचे कोट असा बाजार असायचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तिथले असे धंदे बंद करायला लावले आणि रोज जाणाऱ्या गाड्यांवर मर्यादा घातली. धुरातली काजळी बर्फावर बसते, काळा बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो, हा त्यामागचा एक मुद्दा होता. पण ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांची सोय आधी लागली नाही आणि गर्दी सोलंगकडे सरकली. हद्द आखताना पलीकडे काय होणार याचा विचार हवाच.

मिनेसोटाकर
हा मुद्दा महत्त्वाचा आहे, मनालीरिटर्न. एक खोरं बंद केलं की तिथले सगळे शेजारच्या खोऱ्यात येतात, तिथली वाट खणली जाते, मग तेही बंद करा अशी मागणी येते.

गोठलेलं_तळं
थोडं अवांतर. बिनइंजिनवाले आपापसात काही कमी भांडत नाहीत. मशीनने आखलेल्या क्लासिक स्कीच्या दोन रुळांमधून कुणी बुटाने भोकं पाडत गेला की काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. त्यात कुत्रेवाले, जाड चाकांच्या सायकलवाले, आणि आता बॅटरीची सायकल. राष्ट्रीय जंगलात बॅटरीची सायकल मोटारगाडीत धरतात, हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

फडफड
बॅटरीवरून आठवलं, इलेक्ट्रिक स्नोमोबिल आल्या आहेत. धूर नाही, आवाज फार कमी. मग हद्दीची गरज राहील का?

डोंगरवेडा
राहील. वेग तोच, वजन तेच किंवा जास्त, उतार नांगरला जातो तो तसाच. उलट वळणावर चाहूल लागणार नाही, ते जास्त धोक्याचं. पण धुराचा मुद्दा खरा आहे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त इंधन न जळता बाहेर पडायचं. यलोस्टोनच्या पश्चिम दारावर एकेकाळी रेंजरना तोंडावर धूर गाळणारे मुखवटे घालून उभं राहावं लागलं होतं. तिथे २००० साली बंदी ठरली, पुढच्या सरकारने ती फिरवली, वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली आणि २०१३ चा नियम आला: रोजच्या फेऱ्यांवर मर्यादा, कमी धूर-आवाजाचीच यंत्रं, बहुतेक सगळे वाटाड्यासोबत आणि रस्ता सोडायचा नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे, जंगल नव्हे, कायदा वेगळा. पण तिथे आज स्नोमोबिलही चालते आणि बायसनही निवांत असतात, म्हणजे मार्ग निघतो.

वनवासी_बोस्टन
सगळे माणसांच्या सोयीचं बोलताय. जनावरांचं काय?

वुल्व्हरीन हा प्राणी घ्या. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत त्याला धोक्यातली जात म्हणून संरक्षण मिळालं. मादी हिवाळ्याच्या शेवटी खोल बर्फात बीळ करून पिलं घालते, नेमकं जिथे आणि जेव्हा आपल्याला पावडर हवी असते. आयडाहो, वायोमिंग आणि माँटानात वुल्व्हरीनना कॉलर लावून आणि माणसांना जीपीएस देऊन मोठा अभ्यास झाला, तो २०१९ ला प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की हे प्राणी स्नोमोबिलची वर्दळ टाळतात आणि स्कीवाल्यांचीही टाळतात, माद्या जास्त. टेटन डोंगरांतल्या रानमेंढ्यांचंही तसंच. तिथे त्रास मुख्यतः आमच्यासारख्या शांत, पर्यावरणप्रेमी स्कीवाल्यांचा आहे.

म्हणजे 'आम्ही इंजिन लावत नाही, म्हणून आम्ही निर्दोष' हे चालणार नाही. बर्फाच्या थराखाली जमिनीलगत जी पोकळी असते तिथे उंदीर-चिचुंद्र्या हिवाळा काढतात, बर्फ दाबला गेला की ती चिरडते, आणि दाबलेल्या वाटेने कोल्ह्यासारखे कायोटी अशा खोल बर्फात पोचतात जिथे एरवी फक्त लिंक्स या रानमांजराचे रुंद पंजे चालतात, अशीही चिंता आहे. या शेवटच्या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

हिमपावलं
@वनवासी, फार मोलाचं लिहिलंत. मी आतापर्यंत दोनच रंगांचा नकाशा डोळ्यासमोर ठेवला होता. तिसरा रंग हवा: फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत कुणीच जायचं नाही असा. स्कीवाल्यांनी तो स्वतःहून मागितला तर मिकरांच्या मित्रांना आमच्या हेतूबद्दल शंका राहणार नाही.

सीमारेषा
या विषयात पुरेसा कागद वाचलेला माणूस म्हणून सांगतो, सूचनेत दोन तांत्रिक गोष्टी जरूर लिहा.

हद्द सरळ रेघेत मागू नका. बर्फात पाट्या गाडल्या जातात, आणि अफाट मुलखाला एखादाच रेंजर असतो. धार, ओढा, रस्ता अशी हद्द असली तर चालवणाऱ्याला डोळ्यांनी कळते. आणि धार निवडली तर आवाजही पलीकडेच अडतो. खोऱ्याच्या मध्यावर आखलेली हद्द कागदावर निम्मी-निम्मी वाटते, पण आवाज अख्ख्या खोऱ्यात भरतो, म्हणजे प्रत्यक्षात सगळं खोरं इंजिनचं होतं.

दुसरं, अंतर. स्कीवाला रस्त्यापासून चार-पाच मैलांत फिरून संध्याकाळी परततो. स्नोमोबिल तेवढं अंतर काही मिनिटांत कापते आणि दिवसभरात शंभर मैल करू शकते. म्हणून रस्त्यालगतचा पट्टा पायवाल्यांना आणि त्यातून आरपार जाणारी एक ठरलेली वाट स्नोमोबिलला, ती पुढे मोठ्या मुलखात उघडते. असं वाटप केलं तर कमी एकरात जास्त माणसं समाधानी होतात. नुसते एकर मोजून 'त्यांना इतके, आम्हाला इतकेच' असं भांडणं व्यर्थ आहे. दूरचा, कुणीही पायी पोचू शकत नाही असा एकर शांत ठेवून स्कीवाल्याला काय मिळालं? तिथे जनावरांचा विचार वेगळा, तो वनवासींनी मांडलाच आहे.

बर्फाची किमान जाडीही बघा. कॅलिफोर्नियातल्या काही जंगलांच्या आराखड्यांत वाट सोडून चालवायला बारा इंच बर्फाची अट आहे. तेवढा नसेल तर झुडपं आणि माती चिरडते.

मिनेसोटाकर
ही आरपार वाटेची कल्पना मला मान्य आहे. मला तुमच्या चार मैलांत रस नाही, मला पलीकडे जायचं आहे. त्या वाटेवर वेग कमी ठेवा म्हणालात तरी चालेल. आमच्याकडे राज्यात ताशी ५० मैलांची मर्यादा आहे, तिथे २० करा. पण लिहिताना 'वाट कायम खुली राहील' हे शब्द घाला. नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी तीही मागेल.

रानवारा
माझा इथे विरोध नोंदवून ठेवते. आरपार वाट बहुतेक वेळा खोऱ्याच्या तळातूनच जाते, कारण हिमस्खलनापासून सुरक्षित जागा तीच. आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना, नवशिक्यांना तीच सपाट जागा लागते. म्हणजे उतार आमचे, पण तळ गेला. ज्यांना कठीण चढ झेपतात त्यांनाच शांतता मिळायची. निदान प्रत्येक खिंडीजवळ एक तरी सपाट खोरं पूर्ण बिनइंजिनचं असावं, त्यावर मी तडजोड करणार नाही.

कोकणी_अस्वल
दुसरी बाजू. आमचं पोर दोन वर्षांचं, त्याला पुल्कमध्ये, म्हणजे मागे बांधलेल्या घसरगाडीत, बसवून ओढत नेतो. ताज्या बर्फात ते अशक्य. स्नोमोबिलने दाबलेली रुंद वाट आम्हाला वरदान आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी जातो, क्वचित एखादी गाडी येते, चालवणारा दुरूनच वेग कमी करतो, हात करतो. एकदा एकाने थांबून पोराला हेल्मेट घालून दाखवलं, तेव्हापासून घरात 'बुंग बुंग काका' असा जप चालू आहे. सगळंच तोडून वेगळं करू नका.

डोंगरवेडा
बुंग बुंग काका म्हणजे मिकर तर नव्हेत?

मिनेसोटाकर
मी असतो तर पोराला एक फेरी मारून आणली असती!

वनवासी_बोस्टन
उशीर करण्याचा परिणाम काय होतो याचंही एक उदाहरण द्यावंसं वाटतं. आयडाहो, वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबिया यांच्या सीमेवर सेल्कर्क डोंगरांत कॅरिबूंचा (रेनडियरचीच जात) एक कळप होता. अमेरिकेच्या मुख्य भूमीत येणारा शेवटचा. जंगलतोड आणि त्यामागून आलेले शिकारी प्राणी ही मुख्य कारणं, पण हिवाळ्यात स्नोमोबिलची वर्दळ हेही एक होतं, आणि त्यावरून आयडाहोत २००५ पासून पुढे कोर्टात लढाई झाली. काही भाग बंदही झाला. २०१८ च्या मोजणीत तीन माद्या उरल्या होत्या. २०१९ च्या जानेवारीत शेवटची उरलेली पकडून कॅनडात आत हलवली. आपण हद्दीवर वाद घालत राहिलो आणि ज्यांच्यासाठी हद्द आखायची ते उरलेच नाहीत.

आज्जी_ऑनलाईन
हे वाचून फार वाईट वाटलं रे बाबा. त्या कॅरिबूसाठी मला नसतं जाता आलं तरी चाललं असतं.

हिमपावलं
आज्जी, तुमचं हे वाक्य मी जपून ठेवणार आहे.

@रानवारा, सपाट खोऱ्याचा मुद्दा घेतला, आणि तो आरपार वाटेच्या वरच्या क्रमांकावर ठेवते आहे. जिथे एकच सपाट तळ आहे तिथे वाट दुसऱ्या पार्किंगमधून काढावी असं मागते. @मिकर, वाट कायम राहण्याची हमीही लिहिते, आणि तुम्ही तुमच्या क्लबकडून स्वतंत्र सूचना पाठवलीत तर जास्त वजन पडेल. दोन्ही बाजूंनी एकच नकाशा सुचवला असं फॉरेस्ट सर्व्हिसला दिसू दे. सह्यांची मोहीम काढून एकच मजकूर शेकडोंनी पाठवण्यापेक्षा विशिष्ट ओढा, विशिष्ट पार्किंग, तिथला स्वतःचा अनुभव असं लिहिलेलं एक पत्र जास्त उपयोगी पडतं, कारण नेमक्या मुद्द्याची दखल त्यांना घ्यावी लागते.

@फडफड, प्लाऊच्या खर्चाचं काय लिहू? स्कीवाल्यांसाठी वेगळं शुल्क सुचवायचं का?

फडफड
सुचवा. व्हेल पासला सगळे देतातच की. फक्त गोळा झालेला पैसा त्याच खिंडीत खर्च व्हावा अशी अट घाला, आणि पहिली मागणी दुसऱ्या पार्किंगची ठेवा.

मिनेसोटाकर
क्लबची बैठक मंगळवारी आहे. नकाशा इथे टाका, मी तिथे मांडतो. दोघे-तिघे आरडाओरडा करतील, त्यांना कॅरिबूची गोष्ट सांगेन.

कोकणी_अस्वल
नकाशा टाकलात की मीही लिहितो. पुल्कवाल्यांची बाजू कुणीच मांडत नाही. आणि रॅबिट इअर्सला दोन वर्षांच्या पोराला घेऊन यायचं तर कुठल्या बाजूला उतरू?

हिमपावलं
वॉल्टन क्रीक. सकाळी नऊच्या आत या, त्यानंतर पार्किंग भरतं. नकाशा रविवारपर्यंत टाकते.